बॉबिन लेस, सातवा आठवडा: धागा तुटायचा थांबला

बॉबिन लेस म्हणजे धागे बॉबिनवर, म्हणजे छोट्या दांड्यांवर, गुंडाळायचे आणि एका टणक गादीवर टाचण्या टोचत एकमेकांवरून फिरवून जाळीदार पट्टी विणायची. मागच्या वेळी सांगितलं होतं ना की त्यासाठीचा लिननचा धागा रोज तुटून राहिला म्हणून, तर कारण सापडलं, आपला नागपूरचा मे महिना! लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, ज्याची आपण चटणी खातो तेच जवस, आणि हा धागा कोरडा पडला की ठिसूळ होतो. बेल्जियमकडच्या फ्लँडर्समध्ये जुन्या काळी लेसचा बारीक धागा कातणाऱ्या बायका ओलसर तळघरात बसायच्या त्या याच्यासाठीच. आपल्याकडे तळघर कुठलं, मी लेसची गादी उचलली आणि कूलरच्या खोलीत नेली, समोर नाही हां, बाजूला, समोर ठेवलं तर बॉबिन झुलतात नि गुंता होतो. आठ दिवस झाले, एकदाही तुटला नाही.

पण त्या दमट हवेत साध्या टाचण्या गंजल्या आणि चांगल्या ४ सेमी लेसवर तांबडे ठिपके पडले, खूप वाईट वाटलं. लिंबू-मीठ लावून फिकट झाले, पूर्ण गेले नाहीत. पितळेच्या टाचण्या का वापरायच्या ते आता पटलं, मागवल्यात.

गादी मात्र मस्त जमली. भंडाऱ्याहून मामांनी धानाचं तणस आणलं, ते ठोकून ठोकून भरलं, टाचणी हलत नाही. बॉबिनच्या टोकाला आईच्या तुटलेल्या माळेतले मणी ओवलेत, वजन येतं आणि बॉबिन गडगडत नाही, इंग्लंडच्या बॉबिनना असेच काचेचे मणी असतात.

सध्या टोर्शन, म्हणजे साध्या भौमितिक नक्षीची बॉबिन लेस, करतेय, १४ जोड्या म्हणजे २८ बॉबिन. हालचाली दोनच. एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार बॉबिन घ्यायच्या. क्रॉस म्हणजे मधल्या दोघींतली डावी उजवीवरून, ट्विस्ट म्हणजे प्रत्येक जोडीत उजवी डावीवरून. क्रॉस-ट्विस्ट, टाचणी, परत क्रॉस-ट्विस्ट केलं की जाळी, आणि क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस करत गेलं की कापडासारखं भरीव. मंगळवारी एक ट्विस्ट राहिला, सहा ओळींनंतर दिसला, सगळं उलटं सोडवलं, दीड तास गेला पण तसंच ठेवणं जमलंच नसतं मला.

झुरिकला १५६१ मध्ये बॉबिन लेसच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं, लिहिणारी बाई, नावाच्या जागी फक्त आर. एम. अशी अक्षरं. ती सांगते की १५३६ मध्ये वेनिसच्या व्यापाऱ्यांनी ही कला तिकडे आणली. बाईचं पूर्ण नाव असतं तर किती बरं झालं असतं, दरवेळी गादीवर बसले की तिची आठवण येते.

३१ सेमी झाली. आईच्या रुखवतातल्या रुमालाला लावायचीय, म्हणजे आता कोपरा वळवणं आलं, गादी काटकोनात फिरवून. कोणी टोर्शनचा कोपरा केला असेल तर तिरप्या ओळीवर जोड्या कशा थांबवून ठेवता ते सांगा, रविवारी बसणार आहे.