नौकायन नोंद: ओबान ते किनलॉखबर्वी, केप रॅथच्या अलीकडे

मंडळी, मागच्या नोंदीत बोट ओबानच्या धक्क्याला होती. आता ती किनलॉखबर्वीत उभी आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचं वरचं टोक, म्हणजे केप रॅथ, गाठायला एकच टप्पा उरलाय. सोबत विद्यापीठातली मुलंमुली. त्यातल्या निम्म्यांनी याआधी शिडाची दोरी कधी हातात धरली नव्हती. घरून फोन आला की सगळे वाऱ्याचं विचारतात. पण इथे निघायची वेळ वाऱ्याआधी भरती-ओहोटी ठरवते. म्हणून यंदा प्रत्येक टप्प्याचं गणित मुलांनीच मांडायचं आणि आमच्या तांडेलबाईंनी फक्त तपासायचं, असा नियम केला.

साउंड ऑफ मल या सामुद्रधुनीत काही अडलं नाही. टोबरमोरी बंदराच्या रंगीत घरांचे फोटो झाले. 1588 साली स्पॅनिश आरमाराचं एक जहाज याच उपसागरात स्फोट होऊन बुडालं, हे कळल्यावर पाण्याकडे बघायची मुलांची नजरच बदलली. पुढे आर्डनमर्खनचं भूशिर. ॲलन स्टीव्हन्सनने 1849 मध्ये उभारलेलं 36 मीटर उंच दीपगृह दिसलं आणि अटलांटिकची लांब लाट थेट अंगावर आली. बोट लागू नये म्हणून आणलेल्या आल्याच्या बिस्किटांचा साठा तिथेच संपला. हे भूशिर ओलांडून उत्तरेला जाऊन आलेल्या बोटीने नाळेवर हेदर या रानझुडपाची डहाळी बांधायची, अशी इथली जुनी रीत आहे. आमची डहाळी परतीच्या वाटेवर.

खरी परीक्षा काइल ऱ्हीची. स्काय बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली ही चिंचोळी सामुद्रधुनी. उधाणाला इथला प्रवाह 8 नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो. आमचं इंजिन पूर्ण ताकदीने 6 नॉट देतं. म्हणजे चुकीच्या वेळी घुसलं तर बोट पुढे तोंड करून मागे जाणार! पाण्याची चढउतार मुंबईच्या उधाणापेक्षा फार वेगळी नाही, फक्त तेवढं पाणी बोळातून जायचं म्हटल्यावर धावतं.

इथे मी मुलांना आपल्या कोळ्यांचा हिशेब सांगितला. तिथीला पाऊणाने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे मुंबईत साधारण सहाला पूर्ण भरती. इथल्या कोष्टकात वेळा अलापूल बंदराच्या असतात, त्यासाठी सुरुवात तेवढी सरकवायची: अमावास्येला मुंबईत बाराच्या सुमारास भरती, तर अलापूलला इथल्या उन्हाळी घड्याळाने आठच्या आसपास. छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं, अर्ध्या तासाच्या आत जुळलं. तांडेलबाईंनी ते वहीत लिहून घेतलं (प्रवासाचा आराखडा मात्र कोष्टकावरूनच, हे स्पष्ट बजावून).

मग आत शिरलो. बोटीचा पाण्यातला वेग साडेपाच, जीपीएसवर बारा. सुकाणूवर जी मुलगी होती ती एक शब्द बोलली नाही. ग्लेनेल्गची ती हाताने फिरवायच्या फलाटाची फेरी समोरून आडवी गेली, सील माना वर काढून बघत होते, आणि बघता बघता आम्ही पलीकडे. वारा प्रवाहाच्या उलट असता तर हीच जागा उकळत्या कढईसारखी झाली असती. म्हणून मुलांनी वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत एक भरती सोडून दिली होती. या मोहिमेतला तो मला सर्वांत आवडलेला निर्णय.

स्कायच्या पुलाखालून जाताना डोलकाठी लागणार असं हमखास वाटतं. लागत नाही.

समर आइल्स या बेटांमध्ये नांगरावर मुक्काम. साखळी सोडायची ती पूर्ण भरतीच्या खोलीच्या चौपट. ती खोली काढायला बाराव्या हिश्श्यांचा नियम: भरतीच्या सहा तासांत पाणी दर तासाला एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं चढतं. संध्याकाळी वारा पडला आणि मिज नावाची चिलटं आली. सिंधुदुर्गातले डास परवडले.

पुढे स्टोअरचा समुद्रातला 60 मीटरचा सुळका डावलून, मिंच या सामुद्रधुनीत एक मिंकी देवमासा पाहून इथे किनलॉखबर्वीत पोचलो. पाणी 13 अंश, त्यामुळे डेकवर कमरेची दोरी अडकवल्याशिवाय कोणी नाही.

आता केप रॅथ. दीपगृहाच्या ईशान्येला डस्लिक खडक आहे आणि त्या भागात प्रवाह खवळतो, म्हणून बरंच बाहेरून वळसा घालायचा. शिवाय लष्कराचा गोळीबाराचा सराव तिथेच चालतो, त्याची सूचना तपासावी लागते. स्टोर्नोवे कोस्टगार्डच्या रेडिओवरच्या अंदाजानुसार सध्या वायव्येचा जोरदार वारा आहे, म्हणून थांबलोय. मुलांनी उद्या दुपारची आणि परवा पहाटेची अशी दोन गणितं मांडलीत. माझं मत पहाटेच्या बाजूने. वळसा झाला तर पुढची नोंद केपपलीकडच्या लॉख एरिबोल या खाडीतून.