जगावेगळी म्हणजे कोणत्या जगाहून?

पीएच.डी.चा आराखडा घेऊन आरआरसीसमोर, म्हणजे संशोधनाचे विषय मंजूर करणाऱ्या समितीसमोर, पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं : 'कोर्लईची जगावेगळी भाषा'. शीर्षक मला भलतंच आवडलं होतं, हे आधीच कबूल करते. कोर्लई हे रायगड जिल्ह्यातलं गाव. तिथं रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी काही शे माणसं अजूनही घरात पोर्तुगीज-मराठी संपर्कातून घडलेली क्रिओल, म्हणजे भाषांच्या मिसळीतून जन्मलेली नवी भाषा, बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, भाषा राहिली. ही जगावेगळी नाही तर काय?

समितीतल्या एका बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "जगावेगळी म्हणजे कोणत्या जगाहून?"

"पोर्तुगीजहून," मी म्हणाले.

"पोर्तुगीजहून मराठीसुद्धा वेगळीच आहे की."

बाकीचे हसले. आराखडा परत.

गाईडनी मग मिशेल डिग्राफ वाचायला लावलं. हे मूळचे हैतीचे, एमआयटीतले भाषाशास्त्रज्ञ. २००३ मध्ये 'लँग्वेज' नियतकालिकातल्या लेखात त्यांनी क्रिओल अपवादवादालाच, म्हणजे क्रिओल इतर भाषांहून मुळातच वेगळ्या असतात या मतालाच, हात घातला होता. क्रिओल म्हणजे मोडतोडीतून अचानक उगवलेली, म्हणून सोपी, अपुरी भाषा, ही समजूत वसाहतींच्या काळातली. विद्वानांनी तिला शास्त्राचे कपडे घातले, असा त्यांचा रोख. वाचताना माझे कान गरम झाले. मी कौतुकानं लिहिलेलं दुसऱ्या कुणी तुच्छतेनं लिहिलं होतं, पण वेगळं ताट मांडायची रीत तीच.

हे खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं. ती इतिहासाची. "तुमच्याकडे आत्ता पोचलं होय?" म्हणाली. जर्मनी लोकशाहीची सरळ वाट सोडून 'खास वाटे'नं गेला आणि म्हणून हिटलरपर्यंत पोचला, असं इतिहासकार बरीच वर्षं मांडत होते. १९८० च्या दशकात ब्लॅकबोर्न आणि ईली या दोघांनी विचारलं, की सरळ वाट कुणाची? इंग्लंडची? तीही प्रत्यक्षातली नव्हे, मनातली. अमेरिकेचंही तेच. जर्मन अर्थशास्त्रज्ञ झोम्बार्ट यांनी १९०६ मध्ये अमेरिकेत समाजवाद का नाही असा प्रश्न पुस्तकाच्या शीर्षकातच टाकला, तेव्हा युरोप हा नियम धरूनच चालले होते. प्राणिशास्त्रात तर माणूसच अपवाद. आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझी पानं ओरबाडून तयार केलेल्या काडीनं वाळवी काढून खाताना चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉलना १९६० मध्ये दिसला आणि 'हत्यार बनवणारा तो माणूस' ही व्याख्या पुन्हा तपासावी लागली.

झालं, दोन महिने मी कोर्लई सोडून हेच वाचत बसले. दुसऱ्या आराखड्यात चार शास्त्रं कोंबली. समितीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "हा विषय नक्की कुठल्या विभागाचा?" पुन्हा परत. या वेळी मात्र माझ्यावर अन्याय झाला, असं मला आजही वाटतं. पण चार शास्त्रांचा आराखडा तीन वर्षांत कुणी पुरा करत नाही, हेही खरंच.

मग सरळ एसटी पकडून कोर्लई गाठली. ओसरीवर एक मावशी चिंचा फोडत बसल्या होत्या. नातवाला ओरडल्या तेव्हा क्रियापद शेवटी आलं, थेट आपल्यासारखं. पोर्तुगीजमध्ये ते सहसा मधे येतं. भाषेचं नाव विचारलं. "नो लिंग. म्हणजे आमची भाषा." मी म्हटलं, मराठीची बरीच सरमिसळ दिसते हो. मावशींनी मान वर न करता विचारलं, "मग तुमची काय एकदम शुद्ध का?"

परतीच्या गाडीत साउथवर्थ आठवले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं, की मराठीच्या जन्मामागेच आर्य आणि द्राविडी भाषांच्या संपर्कातून झालेलं क्रिओलीकरण असावं. सगळ्यांना ते पटलं नाही. तरी 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांतला फरक घ्या. ऐकणारा सोबत आहे की नाही, हे आपण सर्वनामातच सांगतो. तेलुगू-तमिळ बोलणारेही सांगतात. हिंदीवाल्याचं एका 'हम'वर भागतं.

तिसऱ्या आराखड्यात मी कोर्लई आणि जुनी मराठी शेजारी ठेवली, एकच मोजपट्टी दोघींना. त्याच बाईंनी पानं उलटली, शीर्षकातला 'जगावेगळी' शब्द पेन्सिलनं खोडला आणि म्हणाल्या, "संदर्भसूचीत ऱ्हस्व-दीर्घ बघ." अकरा मिनिटांत मंजूर. कार्यालयानं पाच प्रती मागितल्या, स्पायरल बाइंडिंग करून.