पहिलं डिमॅट खातं

आज अखेर डिमॅट खातं, म्हणजे शेअर डिजिटल रूपात ठेवायचं खातं, उघडलं! तीन आठवडे नुसतं हे ॲप की ते ॲप चाललं होतं. एका ब्रोकरचा माणूस रोज फोन करायचा, "मॅडम, ब्रोकरेज शून्य!" पण शेअर विकताना लागणारा डीपी चार्ज किती, खात्याचं वर्षाचं शुल्क किती, असं विचारलं की विषय बदलायचा. तिथेच माझं मन उडालं.

मग बाबांनी शेजारी बसवून दोन-तीन ब्रोकरांची दरपत्रकं वाचायला लावली. डिलिव्हरीत, म्हणजे त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवायला, १०,००० रुपयांचे शेअर घेतले की ०.१ टक्का एसटीटी हा सरकारी कर, म्हणजे १० रुपये जातातच, ब्रोकर कुठलाही असो. आणि घेतलेले शेअर ब्रोकरकडे नाही, तर सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे आपल्या नावावर जमा असतात. हे कळलं आणि माझी निम्मी भीती गेली. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या साइटवर ब्रोकरचा नोंदणी क्रमांक तपासला, मगच पॅन आणि आधार दिलं. कोऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो मात्र दोनदा पुसट आला, हात थरथरत होता.

रात्री बाबांनी कपाटातून त्यांचं जुनं कागदी शेअर सर्टिफिकेट काढलं. घड्यांवर पिवळं पडलेलं. बराच वेळ हातात धरून बसले होते.

सोमवारी एकच शेअर घेणार आहे. बाबांना शेजारी बसवून.