एवढे नियम कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून

“मॅडम, सोसायटीत हेच काम आम्ही दोन दिवसांत उरकतो. तुमच्याकडे गेटपास, परवाने, सह्या यातच आठवडा जातो. एवढं कशाला?”

मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या बांधकाम विभागात मी अभियंता आहे. कार्यारंभ आदेश हातात पडला की नवा ठेकेदार पहिल्याच बैठकीत हे विचारतो. प्राध्यापकही विचारतात, कारण त्यांच्या खोलीतली गळती त्यांना आजच्या आज थांबायला हवी असते. बैठकीत उत्तराला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते.

सोसायटीत कोण कधी कुठून जातं हे वॉचमनला ठाऊक असतं. आमच्या आवारात दर पावसाळ्याच्या तोंडी हजारो नवी मुलं येतात. परीक्षेच्या दिवसांत तर दुसऱ्या कॉलेजांची मुलं येतात, लोकल उशिरा आलेली, हातात हॉल तिकीट, डोळे इमारतींच्या पाट्यांवर. पायाखाली काय आहे हे ती बघत नाहीत, आणि त्यांनी बघावं अशी अपेक्षाही मी करत नाही. दुसरीकडे मुकादमाने सकाळी नाक्यावरून उचलून आणलेला बिगारीही त्याच दिवशी पहिल्यांदा फाटकातून आत आलेला असतो. म्हणजे खड्ड्यात उतरलेला आणि खड्ड्याच्या काठाने जाणारा, दोघंही नवखे. माझे बहुतेक नियम या दोघांसाठी आहेत.

फितीचं उदाहरण घ्या. खोदकामाभोवती पिवळी-काळी फीत बांधली की झालं, असं पूर्वी आम्हीही मानत होतो. एकदा एमए करणारा एक अंध विद्यार्थी माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, “मॅडम, वसतिगृह ते ग्रंथालय ही वाट मला पावलांनी पाठ आहे. काल मध्येच पोटाला काहीतरी लागलं म्हणून थांबलो. काठीला ते लागलंच नव्हतं.” मी जाऊन पाहिलं. फीत कमरेच्या उंचीवर होती आणि तिच्या पलीकडे दोन पावलांवर चेंबरचं झाकण उघडं. पांढरी काठी जमिनीलगत फिरते, तिला फीत कशी लागणार? त्या दिवसापासून आमच्याकडे फीत चालत नाही. पक्कं बॅरिकेड लागतं आणि त्याची खालची आडवी पट्टी जमिनीपासून वीतभर अंतराच्या आत लागते. वाट बदलायची असेल तर आदल्या दिवशी वसतिगृहात निरोप जातो, आणि ज्याला वाट पाठ आहे त्याला नव्या वाटेवरून एकदा कुणीतरी चालवून आणतं.

“मग या बॅरिकेडचं भाडं कोण देणार?” हा पुढचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. म्हणून निविदेत आम्ही ती बाब वेगळी लिहितो, तुम्ही तिचा दर भरा. सुरक्षेचा खर्च ‘इतर सर्व कामांसह’ अशा शब्दांत गुंडाळला की सर्वांत कमी दर भरणारा माणूस नेमका तिथेच पैसे वाचवणार. मी त्याला दोष देत नाही, दोष निविदा लिहिणाऱ्याचा.

कामाच्या वेळांवरून सगळ्यात जास्त वाद होतात. मुंबईत गच्चीचं काम, मग तो ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांच्या तुकड्यांचा गळतीरोधक थर असो की नुसती भेगांची दुरुस्ती, जूनचा पहिला आठवडा उलटायच्या आत संपायला हवं. म्हणजे खरे कामाचे महिने एप्रिल आणि मे, आणि परीक्षाही त्याच महिन्यांत. ठेकेदार म्हणतो, मग ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं यंत्र, रात्री चालवू द्या. तेही जमत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार शिक्षणसंस्थेभोवतीचं 100 मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र धरता येतं, आणि शांतता क्षेत्रात रात्री 10 ते सकाळी 6 आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आहे. राहतो तो त्या दिवसाच्या शेवटच्या पेपरनंतरचा संध्याकाळचा वेळ आणि रविवार. त्यामुळे तोडफोड संध्याकाळी, मालाची ने-आण पहाटे, आणि माप घेणं, सुतळी बांधणं, गिलावा ही शांत कामं दिवसा. परीक्षेचं वेळापत्रक मी कार्यारंभ आदेशालाच जोडून देते. ते भिंतीवर लावून कामं आखणारा ठेकेदार माझ्या आठवणीत कधी रखडलेला नाही. रखडतात ते ‘बघू, बोलू मॅडमशी’ म्हणणारे.

झाडांच्या नियमाबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण तो माझ्या चुकीतून आला.

बऱ्याच वर्षांपूर्वी केबलसाठी चर खणायचा होता. नकाशावर सरळ रेघ होती आणि खोदाईच्या परवान्यावर मी टेबलावर बसूनच सही केली. त्या रेघेच्या कडेला एक जुना वर्षावृक्ष होता, ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात. जेसीबीने त्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर चर मारला आणि एका बाजूची मुळं साफ कापली गेली. चर बुजवला, वर पेव्हर ब्लॉक बसले, देयकही निघालं. झाड हिरवंच होतं. पुढच्या जुलैत एका रविवारी, दोन दिवसांच्या संततधारेनंतर, ते मुळासकट आडवं झालं, कापलेल्या मुळांच्या विरुद्ध दिशेला. खाली सायकलस्टँड होता. रविवार होता म्हणून तिथे कुणी नव्हतं. सोमवारी मी उघड्या पडलेल्या मुळांपाशी उभी होते. जेसीबीच्या दातांनी केलेले सपाट काप वर्षभरानंतरही ओळखू येत होते. त्या कागदावरची सही माझी होती.

वर्षावृक्षाची मुळं फार खोल जात नाहीत, वरच्या थरात लांबवर पसरतात. झाडाला उभं ठेवण्याचं काम तीच करतात. एका बाजूची तोडली तर झाड लगेच वाळत नाही, फक्त त्याचा आधार जातो, आणि भिजलेली माती व जोराचा वारा एकत्र आले की ते कळतं. म्हणून आमचा नियम असा: भर दुपारी झाडाची सावली जिथवर पडते तिथवर जेसीबी न्यायचा नाही. तिथे हातानेच खणायचं, आणि अंगठ्याहून जाड मूळ दिसलं की कुदळ खाली ठेवून आमच्या माळीकाकांना बोलवायचं. केबल मुळाखालून ओवता येते, वेळ लागतो इतकंच. त्या सावलीत खडी-वाळूचा ढीग घालायचा नाही, मिक्सर धुवायचा नाही, सिमेंटचं पाणी सोडायचं नाही. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मुळं कापणं ही इजाच आहे. पण मी कायदा नंतर सांगते. आधी ठेकेदाराला आणि त्याच्या मुकादमाला त्या सायकलस्टँडपाशी नेते. तिथे आता दुसरं झाड लावलंय.

चर दीड मीटरहून खोल जाणार असेल तर बाजूंना उतार द्या किंवा फळ्या-टेकूंचा आधार द्या, आणि उपसलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाका. यावर मी घासाघीस करत नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. ती छातीपर्यंत आली तरी माणसाचा श्वास बंद होतो, डोकं वर असलं तरी. मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून अशी सफाई करून घेणं 2013 च्या कायद्याने बंद केलंय आणि गटार साफ करताना होणाऱ्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 30 लाखांवर नेली. यंत्राची गाडी येईपर्यंत वसतिगृहाचा एक मजला बंद राहिला तर राहू दे. मुलं माझ्यावर चिडतात, चिडोत.

एक नियम मात्र आमच्याकडे चुकीचा होता आणि तो काढायला मला चार वर्षं लागली. मजुरांनी इमारतीतली शौचालयं आणि पिण्याच्या पाण्याचे नळ वापरायचे नाहीत, असं जुन्या अटींमध्ये लिहिलेलं होतं. ठेकेदाराने स्वतःची सोय करावी, असं पुढे होतं. मोठ्या कामावर फिरती शौचालयं येतात. आठ दिवसांच्या कामावर कोण आणतो? विटा वाहणाऱ्या बायका दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. मे महिन्यात! एका मावशींना घेरी आली तेव्हा त्यांनीच मला हे कारण सांगितलं, तेही खाली बघत. आता अट उलटी आहे. प्रत्येक कामासाठी जवळचं एक शौचालय आणि एक कूलर नेमून देतो आणि त्याचा नकाशा गेटपाससोबत मिळतो.

मजुरांच्या मुलांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. 50 हून जास्त स्त्री कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितलं. आमच्या कामावर बायका असतात चार किंवा पाच. त्यांची लेकरं वाळूच्या ढिगावर झोपतात. आम्ही तळमजल्यावरची एक रिकामी खोली आणि एक सांभाळणारी बाई देतो, पण ते त्या-त्या वर्षीच्या मंजुरीवर चालतं. मला ते अटींमध्ये पक्कं लिहून हवंय. त्याची टिपणी यंदा पुन्हा पाठवली आहे.

राडारोड्याचं थोडक्यात. भरलेला डंपर फाटकाबाहेर गेला की आपली जबाबदारी संपली असं समजू नका. मुंबईत असा डंपर रात्री कुठे रिकामा होतो ते खाडीकाठच्या तिवरांना विचारा. प्रक्रिया केंद्राची पावती आणा, त्याशिवाय मोजमाप पुस्तिकेत ती बाब चढत नाही आणि देयक पुढे सरकत नाही.

हे सगळं निविदेच्या साठ पानांत आहे, बहुतेक इंग्रजीत. ब्रेकर धरणारा माणूस ती पानं वाचणार नाही. म्हणून रोज सकाळी साडेआठला, काम सुरू व्हायच्या आधी, दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून आज काय आहे ते हिंदी-मराठीत सांगायचं. कुठे खणायचं, कुठून मुलं येणार, पाणी कुठे, लागलं-खरचटलं तर कुणाला हाक मारायची. मी किंवा माझा कनिष्ठ अभियंता तिथे असतो. ठेकेदारानेही पहिल्या आठवड्यात स्वतः यावं, मुकादमाला पाठवून भागवू नये.

कागद पूर्ण असतील तर परवाने चार दिवसांत मिळतात. आठवडा जातो तो बहुधा मजुरांची ओळखपत्रं आणि विम्याची प्रत नंतर आणून देतो म्हटल्यामुळे. ती पहिल्याच दिवशी आणा. ग्रंथालयाच्या गच्चीचं काम सोमवारी सुरू होतंय, त्या इमारतीत बुधवारपर्यंत दुपारचे पेपर आहेत. साडेआठला मागच्या जिन्यापाशी भेटू.