लिंकिंगचा प्रश्न तेवढा काढा

पुण्यातल्या एका मॅनेजमेंट संस्थेत मी संशोधन पद्धती शिकवते. खरिपाच्या तोंडावर एका खत कंपनीने आमच्याकडे काम सोपवलं. कृषी सेवा केंद्रवाले कंपनीच्या वितरणावर कितपत समाधानी आहेत, ते शोधायचं. पैसे बरे होते, संचालक खूश.

प्रश्नावली मंजुरीला पाठवली, ती एका प्रश्नावर काट मारून परत आली: ‘युरियासोबत दुसरा माल घ्यावा लागतो का?’ शेजारी शेरा, ‘विषयाशी संबंध नाही.’

म्हणजे लिंकिंग. ४५ किलोची युरियाची गोणी सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना विकायची. शेतकऱ्याला हवी तीच. म्हणून तिच्यासोबत विद्राव्य खतं नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्यं दुकानदाराच्या गळ्यात मारली जातात, आणि तो ती शेतकऱ्याच्या. सरकारची याला मनाई आहे. चाचणी फेरीत इंदापूरकडचा एक दुकानदार शटर अर्धं ओढून म्हणाला होता, “मॅडम, नाव लिहिणार नसाल तर सांगतो.”

बैठकीला आलेले कंपनीचे साहेब अतिशय सभ्य. “निष्कर्ष काहीही येऊ द्या, आम्ही एका शब्दालाही हात लावणार नाही,” म्हणाले. ते शब्द पाळतील याची मला खात्री होती. प्रश्नच विचारला नाही तर निष्कर्षाला हात लावायची गरज कुणाला?

वर्गात मी नेहमी आइसलँडचं उदाहरण देते. कोलंबिया बिझनेस स्कूलच्या फ्रेडरिक मिश्किन यांनी २००६ मध्ये तिथल्या अर्थव्यवस्थेला बऱ्यापैकी सुदृढ ठरवणारा अहवाल लिहिला. त्यासाठी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने त्यांना १,२४,००० डॉलर दिले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. पुढे २०१२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने आपल्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांना असे आर्थिक संबंध उघड करायला लावले. चांगलंच झालं. पण आमच्या अहवालावर ‘कंपनीच्या अर्थसाहाय्याने’ असं ठळक छापलं असतं, तरी गाळलेला प्रश्न वाचणाऱ्याला कुठे दिसणार होता?

मी म्हटलं, प्रश्न काढते, पण परिशिष्टात तो छापून खाली लिहीन: प्रायोजकाच्या सूचनेवरून वगळला. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “वरती विचारून कळवतो.”

दारापर्यंत त्यांना सोडून आल्यावर संचालक म्हणाले, “अहो, आपली मुलं नोकरीला घेतात ते दरवर्षी.”

काम दुसऱ्या संस्थेकडे गेलं. आमची मुलं तोच प्रश्न घेऊन टर्म प्रोजेक्टसाठी एसटीने इंदापूरला जाताहेत. कंपनी प्लेसमेंटला येते का, ते डिसेंबरात कळेल.