ब्राह्मी वाचन, महिना सहावा: "गामो न वसति"

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पुढच्या वेळी नाशिकच्या पांडवलेण्यातला एक लेख मुळातून वाचून दाखवीन. अख्खा काही वाचून झाला नाही, पण ज्या ओळीशी तीन आठवडे झटत होतो ती सुटली.

आधी रडगाणं. अशोकाच्या काळची ब्राह्मी लिपी बऱ्यापैकी हाताखालून गेली होती, म्हणून वाटलं सातवाहनांची आपोआप येईल. कसलं काय! तीन-चारशे वर्षांत अक्षरांना बाक आलेत, टोकं जाड झालीत. व आणि च यांत मी अजून फसतो. त्यात प्राकृत लेखांत एकच व्यंजन दोनदा आलं तरी ते दुहेरी लिहायची पद्धत नाही. 'दत' दिसलं की 'दत्त' आपणच समजून घ्यायचं. आणि ठशाच्या छापील प्रतीवर भरवसा ठेवून मी एक अनुस्वार वाचला होता, तो निघाला दगडाचा टवका. शेवटी जाऊन लेण्यात उभा राहिलो. भिंतीला हात न लावता टॉर्च एका बाजूने अगदी तिरका धरला की छिन्नीच्या खाचेत सावली भरते आणि टवका मात्र उथळच राहतो. समोरून उजेड टाकलात तर दोन्ही सारखेच दिसतात.

सुरुवात करणाऱ्यांनी सरळ ओळखीच्या शब्दापासून शिरावं. बऱ्याच लेखांच्या तोंडाशी 'सिधं' (सिद्धं, हा मंगल आरंभाचा शब्द) असतं, ती दोन अक्षरं फुकट मिळतात. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनेही 1837 साली हेच केलं: सांचीच्या कठड्यावरचे छोटे लेख एकाच शब्दाने संपतात हे पाहून त्याने तो 'दानं' असावा असा अंदाज बांधला, आणि कुलूप उघडलं.

आता माझी ओळ. लेणं क्रमांक 3, गौतमीपुत्र सातकर्णीचं 18 वं राज्यवर्ष. राजा गोवर्धन नावाच्या ठिकाणच्या आपल्या अमात्याला कळवतो की उषवदाताकडे (क्षहरात वंशातल्या नहपान राजाच्या जावयाकडे) असलेलं 200 निवर्तनांचं (निवर्तन म्हणजे जमिनीचं जुनं माप) शेत आता त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या भिक्षूंना द्यावं. त्याच्याखालीच 24 व्या वर्षाचा दुसरा हुकूम आहे: दिलेलं शेत कुणी कसत नाही, गाव ओस आहे, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतून 100 निवर्तनं द्या. मी अडलो होतो ते इथेच. "गामो न वसति." गाव वसत नाही. वाचता वाचता हसू आलं. सहा वर्षं बिचाऱ्या भिक्षूंच्या नावावर कागदोपत्री शेत होतं आणि नांगर धरायला माणूस नव्हता!

याच लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या 19 व्या वर्षातला. आपल्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, असं आई सांगते. आई आहे, सांगणारच. मला त्यापेक्षा वरचा रुक्ष हुकूम जास्त पटतो. क्षहरात नहपानाच्या जावयाचं शेत सातवाहन राजा परस्पर वाटतोय, म्हणजे मुलूख हातात आला होता. सातबाऱ्यावर नाव बदललं की तिथे पराक्रमाचं वर्णन लागत नाही.

आणि तिसरा साक्षीदार जमिनीतून आला. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. त्यातल्या एका नाण्याचं छायाचित्र मोठं करून पाहिलं: गौतमीपुत्राच्या छापातल्या तीन कमानींच्या टेकडीखालून नहपानाचं नाक डोकावतंय, आणि कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे उरलेत. नाणी वितळवायची तसदीही घेतली नाही. लेख कोरणाऱ्याला बढाई मारता येते, पण हजारो नाण्यांवर घण घालून पुरावा रचायचा तर फारच उचापत. अर्थात हे कोणत्या साली घडलं ते नाणं सांगत नाही. नहपानाच्या लेखांतली 41 ते 46 ही वर्षं नेमकी कोणत्या गणनेतली, यावर अभ्यासकांची खडाजंगी चालूच आहे. मी त्यात पडत नाही, माझी इयत्ता अजून बाराखडीची.

सध्या लेणं क्रमांक 10 मधले उषवदाताचे आकडे घेतलेत. ब्राह्मी अंकांना स्थानमूल्य नाही. 40 ला वेगळं चिन्ह, 2 ला वेगळं, शेजारी ठेवले की 42. 40 चं चिन्ह मी आठवडाभर जोडाक्षर म्हणून वाचत होतो, आणि शब्द काही केल्या लागत नव्हता. पण इथे पडताळ्याची सोय लेखातच आहे: 70,000 कार्षापण (चांदीची नाणी), एका सुवर्णाला (सोन्याच्या नाण्याला) 35 या भावाने 2,000 सुवर्ण. गुणाकार जुळला, म्हणजे चिन्हं बरोबर लागली. आता त्याच लेखातल्या विणकरांच्या श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) ठेवलेल्या 2,000 च्या ठेवीवर व्याज किती, ती ओळ लावतोय. तिथे मात्र भिंत बरीच झिजलीय. पुढच्या खेपेला सकाळी लवकर जायचं आणि टॉर्च दोन न्यायचे.