युरियाचा द्रवणांक, नोंद चौथी: शुद्ध केला आणि बिघडला

मागच्या खेपेला खताच्या पोत्यातला युरिया तसाच कॅपिलरीत (केसासारख्या बारीक काचेच्या नळीत) भरला होता. पुस्तकातला आकडा १३२.७ अंश. माझ्याकडे १२६ला दाणे घामेजले आणि १३१ला सगळं पारदर्शक झालं. पाच अंशांचा पसारा! खतात थोडं बाययुरेट (युरिया तापला की त्यापासूनच बनणारं संयुग) असतं, ओल असते, वर २०१५पासून सक्तीचा झालेला कडुनिंबाच्या तेलाचा लेप. नुसत्या आकड्यापेक्षा हा पसाराच भेसळीची जास्त चुगली करतो.

या आठवड्यात तोच युरिया गरम आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवला (इलेक्ट्रिक शेगडी, गरम पाण्याचं पातेलं, खिडक्या उघड्या, ज्योत चुकूनही नाही). गरम असतानाच गाळला, सावकाश निववला. लांब, चकचकीत सुया पडल्या. उतावीळपणे लगेच नळी भरली, तर ११९लाच वितळायला सुरुवात!

पहिला संशय थर्मामीटरवर. आमच्या पुण्यात पाणी ९८च्या आसपास उकळतं, ते बरोबर दाखवत होता. सरबतात घालायच्या सोडियम बेंझोएटपासून पाडलेलं बेंझोइक आम्लही १२२ला, म्हणजे पुस्तकातल्या आकड्यालाच, चटकन वितळलं. थर्मामीटर निर्दोष.

दोष माझ्या घाईचा. सुया ओल्या होत्या, आणि उरलेलं अल्कोहोल हीसुद्धा भेसळच. ते वितळलेल्या युरियात मिसळतं, पण स्फटिकाच्या रचनेत शिरत नाही. त्यामुळे द्रव राहणं सोपं जातं आणि द्रवणांक खाली येतो. जसजसा जास्त युरिया वितळतो तसतशी द्रवातली भेसळ पातळ होते, म्हणून तापमान चढत जातं. पसारा येतो तो त्यामुळे.

दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवून पुन्हा लावला: १३१.५ ते १३२.५. शेवटच्या दहा अंशांत मिनिटाला एक अंशाच्या वर जाऊ दिलं नाही.

गंमत म्हणून त्यात बारीक वाळू घालून पाहिली. काही फरक नाही. वाळू द्रवात विरघळतच नाही, तेव्हा ती नुसती बघत बसते.

मग तीच नळी (वाळूविना) थंड करून दुसऱ्यांदा तापवली, तर सुरुवात १२७ला. वितळलेला युरिया तापत राहिला की अमोनिया सोडून स्वतःच बाययुरेट बनवू लागतो. दर वेळी नवी नळी भरायची, हे आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पुढची पाळी कापराची. तो बंद नळीतच घ्यावा लागेल, नाहीतर वितळायच्या आधीच उडून जाईल.